राक्षसाच्या पाठीवरची चेन

रबरी राक्षस वळतो, पोशाखाच्या पाठीवरची चेन लखकन चमकते आणि कोणीतरी ओरडतं, "ती बघ, ती बघ!" तिथेच सिनेमा वसूल.

इंदूरच्या घरात असे स्वस्तातले, भंगार सिनेमे बघायची बैठक रात्री साडेनवाला बसवावी. हे सिनेमे दीड तासात आटपतात, तोवर सराफ्यातला रात्रीचा खाऊबाजार ऐन रंगात असतो. मधली सोय मात्र घरचीच: पाच जणांत अर्धा किलो लौंग सेव, कांदा, लिंबू, वर जिरावण मसाला. कांदा आधी कालवला तर सेव मऊ पडते, म्हणून राक्षस दिसेपर्यंत थांबावं. तो लवकर येत नाही. त्याला दाखवायला पैसे लागतात. शास्त्रज्ञांना नुसतं बोलवत ठेवणं स्वस्त पडतं.

खरी गंमत पाण्यात. सोळापट लहान केलेलं जहाज खरं वाटायला हवं असेल, तर सेकंदाला 24 ऐवजी 96 चौकटी टिपाव्या लागतात. मग नेहमीच्या वेगाने दाखवल्यावर लाटा जडशीळ दिसतात. पण त्याला रीळ चौपट लागतं. कंजूष निर्माता ते टाळतो आणि जहाज बादलीतल्या खेळण्यासारखं टुणटुण उडतं. शिवाय जहाज लहान करता येतं, पाण्याचा थेंब नाही. डेकवर संत्र्याएवढे थेंब पडताना दिसले की समजावं.

हे झालं नाइलाजाचं. मुद्दाम केलेला भंपकपणा जास्त अवघड. 'शार्कनेडो'त (2013) वादळातून शार्क पडतात, नायक चेनसॉ घेऊन एकीच्या पोटात शिरतो आणि तिला फाडून बाहेर येतो, तोही चेहऱ्यावरची इस्त्री न मोडता. म्हणून ते पचतं. नटाने "बघा, किती भंगार आहे" असा डोळा मारला की खेळ खलास. गुदगुल्या करणाराच आधी हसला तर कसं व्हायचं?

हिंदी डबिंग मिळालं तर सोन्याहून पिवळं. ओठ मिटल्यावरही माणूस बोलतच राहतो.

आणि नामावली सोडू नये. 'रोबॉट मॉन्स्टर'मध्ये (1953) यंत्रमानवाचा पोशाख परवडेना, म्हणून गोरिलाच्या कातड्यावर पाणबुड्याचं शिरस्त्राण चढवलं. त्याचं संपर्कयंत्र साबणाचे फुगे सोडतं. त्या फुग्यांच्या यंत्राला नामावलीत स्वतंत्र ओळ आहे! ती वाचावी आणि सिनेमा संपला की सराफ्यात भुट्ट्याच्या किसाला निघावं.