रजेच्या दिवशीचं जीपीएस बंद करून घेताना: माझा अनुभव

कंपनीच्या वेबसाइटवर अगदी तळाला बारीक अक्षरांत 'प्रायव्हसी पॉलिसी' अशी लिंक असते. वेबसाइटवर तक्रार निवारण अधिकाऱ्याचं नाव आणि संपर्क देणं बंधनकारक आहे. आमच्या कंपनीच्या पानावर ज्यांचं नाव होतं, ते कंपनी सोडून केव्हाच गेले होते. कंपनीचं अ‍ॅप रजेच्या दिवशीही माझं लोकेशन नोंदवतं, अशी तक्रार मी त्यांना मेलने केली. तो मेल परत आला तेव्हा मला हे कळलं. त्यानंतर जे सुरू झालं त्याचा राग अजून ओसरलेला नाही, म्हणून सगळं सविस्तर लिहिते आहे.

मी एमआर आहे, म्हणजे औषध कंपनीची प्रतिनिधी, हेडक्वार्टर सांगली. डीसीआर, म्हणजे डॉक्टरांच्या भेटींचा रोजचा रिपोर्ट, भरायला नवं अ‍ॅप आलं आणि त्यात लोकेशन 'अलाऊ ऑल द टाइम' केल्याशिवाय रिपोर्ट सबमिटच होईना. रिपोर्ट नाही तर टीए-डीए, म्हणजे प्रवास आणि दैनिक भत्ता, नाही. डॉक्टरांच्या दारात उभं राहून कॉल पंच करायला, म्हणजे भेटीची नोंद करायला, माझी कधीच हरकत नव्हती. कामाच्या वेळेत मी तासगावात आहे की विट्याला, हे कंपनीने खुशाल बघावं. पण हा फोन माझा स्वतःचा आहे आणि तो रात्री माझ्या उशाशी असतो.

एका शनिवारी रजा टाकून मी कोल्हापूरला स्वतःच्या तपासणीसाठी गेले होते. सोमवारी एरिया मॅनेजरांचा फोन आला. "मॅडम, शनिवारी त्या दवाखान्यात बराच वेळ होतात. बरं आहे ना सगळं?" त्यांनी काळजीनेच विचारलं होतं. पण जी गोष्ट मी अजून सासूबाईंनाही सांगितली नव्हती, ती माझ्या मॅनेजरांना नकाशावर दिसत होती.

कायदा काय म्हणतो हे आमच्या संघटनेच्या वकिलांनी समजावलं. नोकरी देणाऱ्याने जीपीएस कसं वापरावं, यावर आपल्याकडे वेगळा कायदा नाही. 2023 चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आहे. त्याचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये आले, पण मुख्य तरतुदी लागू व्हायला 18 महिन्यांची मुदत दिली आहे. शिवाय त्या कायद्याच्या कलम 7 मध्ये नोकरीच्या कारणासाठी संमतीशिवाय डेटा वापरायची सवलत आहे. म्हणजे 'माझी संमती नाही' एवढ्यावर भागत नाही. ही माहिती नोकरीच्या कामाला लागतेच कशी, हे विचारायचं. ती मुदत संपेपर्यंत आधार माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 43 अ चा आणि त्याखालच्या 2011 च्या नियमांचा. त्यातली संवेदनशील माहितीची यादी मी वाचली. पासवर्ड, बँकेचा तपशील, बायोमेट्रिक, आरोग्याची स्थिती हे सगळं आहे, लोकेशन मात्र नाही. ही यादी लक्षात ठेवा, पुढे तिचाच उपयोग झाला.

आता मूळ रामायण. मेल परत आल्यावर मी एचआरला लिहिलं. एचआर म्हणालं, हा आयटीचा विषय आहे. आयटीने तिकीट उघडलं आणि कळवलं की अ‍ॅप बाहेरच्या कंपनीचं आहे. त्या कंपनीच्या हेल्पलाइनवर एक मुलगी अतिशय नम्रपणे म्हणाली, "मॅडम, डेटा तुमच्या कंपनीचा आहे, आम्ही फक्त ठेवतो. तुमच्या एचआरशी बोला." पुन्हा एचआर. तोवर आयटीचं तिकीट 'रिझॉल्व्ड' म्हणून बंद झालं होतं. काय सोडवलं, कुणी सोडवलं, एक ओळही नाही. दुसरं तिकीट उघडलं, तेही तसंच बंद झालं. मग विभागीय एचआरने उत्तर दिलं की जॉइन होताना तुम्ही सही केली आहे. मी नेमणूकपत्र काढून बघितलं. 'कंपनीच्या धोरणांचे पालन करीन' एवढंच वाक्य. जीपीएसचा शब्द नाही, रजेचा नाही, स्वतःच्या फोनचा तर नाहीच. मधल्या काळात मॅनेजर रोज समजावत होते, "कशाला वाढवताय मॅडम, टार्गेटकडे बघा." टार्गेट माझं पूर्ण होतं, हे मी त्यांना दर वेळी सांगितलं आणि त्याचा मला अभिमान आहे.

याच दिवसांत वकिलांनी मला सुप्रीम कोर्टाचा 8 जुलै 2024 चा निकाल दाखवला. जामिनावर सुटलेल्या आरोपीने गुगल मॅपवर पिन टाकून आपलं ठिकाण तपास अधिकाऱ्याला सतत दिसत ठेवावं, ही अट न्यायमूर्ती अभय ओक आणि उज्जल भुयान यांनी रद्द केली होती. खासगीपणाचा भंग होतो म्हणून. खासगी कंपनीला तो थेट लागू होत नाही, हेही वकिलांनी लगेच सांगितलं. पण आरोपीला जे संरक्षण मिळतं ते औषधं विकणाऱ्या बाईला का नाही, हा प्रश्न मी पत्रात जसाच्या तसा लिहिला.

कोंडी फुटली ती मात्र त्या यादीमुळे. लोकेशन संवेदनशील नसेल, पण मी कुठल्या दवाखान्यात किती वेळ होते यावरून माझ्या आरोग्याची माहिती कळते. ती लेखी संमतीशिवाय गोळा करता येत नाही. शिवाय 2011 च्या नियमांप्रमाणे तक्रार निवारण अधिकाऱ्याने एका महिन्याच्या आत तक्रार निकाली काढायची असते, आणि तुमच्याकडे तो अधिकारीच नाही. या दोन मुद्द्यांचं पत्र कंपनी सेक्रेटरीच्या नावे मुख्य कार्यालयाला धाडलं. (रजिस्टर पोस्ट आता वेगळं राहिलेलं नाही, 1 सप्टेंबर 2025 पासून ते स्पीड पोस्टात विलीन झालं आहे. पोचपावती आठवणीने मागा.) एवढे दिवस मेलला कुणी हूं की चूं करत नव्हतं, कागद टेबलावर पडल्यावर मुख्य कार्यालयातून स्वतःहून फोन आला.

मी माझ्या नोंदींची प्रत मागितली होती, ती एक्सेलमध्ये आली. तारीख, वेळ, अक्षांश, रेखांश, फोनची बॅटरी किती टक्के, 'मॉक लोकेशन: नाही' (म्हणजे खोटं ठिकाण दाखवलेलं नाही). पहाटे 2.40 ला मी घरी, बॅटरी 61 टक्के. रविवारी माहेरी. कोल्हापूरच्या त्या शनिवारच्या ओळी एकाखाली एक, जागा तीच, वेळ पुढे सरकत गेलेली. ती शीट बघताना माझे हात थरथरले. नुसत्या तक्रारीने काम होत नसेल तर आधी प्रत मागा, असं मी आता सगळ्यांना सांगते. आपल्याबद्दल काय साठवलंय हे डोळ्यांनी बघितलं की माघार घ्यावीशी वाटत नाही.

अजून एक, जे मला आधी कुणी सांगायला हवं होतं. एकट्याने भांडू नका. आम्ही एमआर कायद्याने कामगारांत मोडतो. कामाचे तास किंवा शिस्तीचे नियम असे सेवाशर्तींतले बदल करायचे तर 21 दिवसांची नोटीस द्यावी लागते. जुन्या औद्योगिक विवाद कायद्यात ती होती आणि नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेतही आहे. संघटनेने हा मुद्दा वेगळा लावून धरला, त्यामुळे हा फक्त माझा हट्ट आहे असं कुणाला म्हणता आलं नाही. फोनवर कुणी काही कबूल केलं तर त्याच दिवशी 'आपलं असं बोलणं झालं' असा मेल टाकून ठेवा.

अ‍ॅपचं नवं व्हर्जन आलं आहे. सकाळी डे स्टार्ट दाबलं की लोकेशन सुरू होतं, डे एंडला बंद. रजा मंजूर असेल तर ते बटणच दिसत नाही. 'अलाऊ ऑल द टाइम' ची सक्ती गेली, 'अ‍ॅप वापरताना' एवढ्यावर डीसीआर जातो. पहिल्या रविवारी सेटिंग उघडून मी खात्री केली आणि खरोखर हायसं वाटलं. वेबसाइटवर नव्या तक्रार निवारण अधिकाऱ्याचं नावही आलं आहे. त्यांना मी पहिलाच मेल टाकला आहे. रजेच्या आणि रात्रीच्या जुन्या सगळ्या नोंदी पुसाव्यात आणि पुसल्याचं लेखी कळवावं, असं त्यात म्हटलं आहे. उत्तर यायचं आहे.