ओला असताना न दिसणारा पांढरा

आपल्या शाळेत आठवीच्या चित्रकलेला एकेक चित्रकार घेऊन त्याच्या रीतीने काम करायची पद्धत होती. त्यातला जिव्या सोमा मशे यांचा पाठ इथे लिहून ठेवतो. दोन त्रिकोण आणि एक गोल काढला की वारली झाली, ही समजूत तो पाठ पहिल्याच तासाला मोडायचा.

मशे डहाणू तालुक्यातले. लग्नाचा चौक, म्हणजे पूजेचं चौकोनी चित्र, भिंतीवर काढणं हे वारली सुवासिनींचं काम, आणि चौकात बसते ती पालघट देवी. मशे मात्र लग्नकार्याची वाट न बघता रोज काढू लागले. १९७०च्या दशकात चित्रकार भास्कर कुलकर्णी यांच्यामुळे ही चित्रं शहरांत पोचली. मशे यांना २०११मध्ये पद्मश्री मिळाली. चौक पूजेचा, म्हणून तो पेनस्टँडवर किंवा पणतीवर काढायचा नाही असा वर्गात दंडक होता. शेत, मासेमारी, तारपा नाच (तारपा या फुंकून वाजवायच्या वाद्यावरचा फेर) खुशाल घ्यावा. हा दंडक मला आजही पटतो.

मांजरपाट फळीवर ताणून चारही कडांना पिना मारायच्या. अर्धा कप पाण्यात चार चमचे गेरू आणि एक चमचा फेविकॉल. फेविकॉल विसरला की वाळलेला गेरू हाताला लागतो आणि वरची पांढरी रेघ गुलाबी पडते.

खरी परीक्षा पांढऱ्याची. रात्रभर भिजवलेले तांदूळ बारीक वाटून पातळ फडक्यातून गाळायचे आणि त्यात डिंकाचं पाणी घालायचं. डिंक कमी पडला तर रेघ पापुद्रा होऊन सुटते, जास्त झाला तर चकाकते. ही पेस्ट ओली असताना जवळजवळ दिसतच नाही, वाळेल तशी पांढरी होत जाते. मुलं घाबरून लगेच दुसरा हात मारतात. थर जाड होतो आणि वाळताना तडकतो. एक रेघ ओढून पाच मिनिटं हात बांधून बसायचं, एवढाच त्यावर उपाय.

ब्रशऐवजी बांबूची काडी, टोक चावून तंतू सुटे केलेली. तिची रेघ कुठे जाड, कुठे बारीक उमटते. तयार पांढऱ्या मार्करची रेघ सगळीकडे सारखी, म्हणून मेलेली!

माणूस काढताना दोन त्रिकोणांची टोकं नुसती टेकली पाहिजेत. तिथे जाडी आली की कंबर जाते आणि नाचणारा माणूस डमरूसारखा दिसतो. डोळे-तोंड काढायचा मोह प्रत्येकाला होतो. पण चाल कळते ती धडाच्या कलण्यातून आणि गुडघ्यांतून.

तारप्याचं वेटोळं आतून बाहेर काढायचं. आधी तारपावाला, मग खडूने फिकट वळण. माणूस तीन सेंटिमीटरचा असेल तर दोन वेढ्यांत चार सेंटिमीटर अंतर हवं. बाहेरून सुरुवात केली तर मधल्या नाचणाऱ्यांना पाय ठेवायला जागा उरत नाही. मनगट वाकडं करण्यापेक्षा फळीच फिरवावी.

विषय मात्र आपला: एसटी स्टँड, प्रार्थनेची रांग, पाण्याचा टँकर. मशे यांच्या चित्रातलं मासेमारीचं जाळं जसंच्या तसं उतरवणाऱ्याला गुण कमी मिळत.

पूर्ण झालेलं कापड गुंडाळू किंवा दुमडू नये, रंग तुटतो. सपाट ठेवावं आणि सोबत डांबरगोळी टाकावी. शेवटी ते पीठच आहे, झुरळं खातात.