मनी आणि मनीप्लांट

मागच्या पावसाळ्यात एका संध्याकाळी मी कामावरून घरी आले, तेव्हा आमची मनी स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात बसून पुढचा पंजा तोंडावरून पुन्हा पुन्हा फिरवत होती, तिच्या हनुवटीखालचे केस लाळेने चिकट झाले होते आणि कपाटावरून खाली सोडलेल्या मनीप्लांटची दोन पाने अर्धवट चावलेली होती. नावांची ही जुळणी त्या क्षणी मला मुळीच विनोदी वाटली नाही. डॉक्टरांनी तिचे तोंड धुतले, घशाला सूज नाही याची खात्री करून घेतली आणि रात्रभर लक्ष ठेवायला सांगून आम्हाला घरी पाठवले. सगळा प्रकार ऐकल्यावर आई म्हणाली, "म्हणजे तिने खाजरे अळूच खाल्ले की!"

आईचे म्हणणे अक्षरशः खरे होते. मनीप्लांट अळू-सुरणाच्याच कुळातला असून त्याच्या पानांतही कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे सूक्ष्म स्फटिक असतात. पान चावताच ते जिभेत आणि हिरड्यांत रुततात. अळूची खाज मारण्यासाठी आपण भाजीत चिंच किंवा आंबट चुका घालतो, पण मांजर पान कच्चेच चावते. डिफेनबेकिया, फिलोडेंड्रॉन, मॉन्स्टेरा, सिंगोनियम, अँथुरियम ही दिवाणखान्यात हौसेने ठेवली जाणारी सगळी मंडळी याच कुळातली आहेत. त्यातल्या त्यात बरे एवढेच, की आग लगेच होत असल्यामुळे मांजर सहसा पहिल्या घासालाच थांबते. लाळ गळते, उलटी होते, क्वचित घसा सुजून श्वासाला अडथळा येतो आणि तेव्हा डॉक्टर गाठावेच लागतात; पण जिवावर बेतण्याचे प्रसंग विरळा.

खरी धास्ती घ्यावी ती लिलीची, आणि इथे नावे फार घोळ घालतात. पीस लिली ही लिली नव्हेच, तीही अळूचीच भावकी. पुष्पगुच्छांत मोठ्या, सुवासिक, केशरी परागांनी भरलेल्या फुलांच्या रूपाने येते ती लिलियम, आणि बागेत लावतात ती डे लिली, या दोन्ही मांजरांच्या मूत्रपिंडांचा घात करतात. पान, पाकळी, पराग, इतकेच काय, फुलदाणीतले पाणीसुद्धा धोक्याचे असते. मांजराने झाड खाल्लेच पाहिजे असे नाही. अंगावर सांडलेले पराग ते स्वतःला चाटून स्वच्छ करताना पोटात जातात. सुरुवातीला उलट्या होतात, मग थोडा वेळ सारे निवळल्यासारखे वाटते आणि एक ते तीन दिवसांत मूत्रपिंडे निकामी होतात. म्हणून लक्षणांची वाट न पाहता, संशय येताच दवाखाना गाठणे हाच उपाय. माझ्या वाढदिवसाला सहकाऱ्यांनी दिलेला गुच्छ मी उंबऱ्याच्या आत न आणता परस्पर शेजारच्या काकूंना देऊन टाकला. त्यांना तो आवडला, कारण मात्र पटले नाही.

मनीच्या त्या प्रसंगानंतर मी घरातली एकेक कुंडी नव्याने पाहिली. सायकस यकृतावर घाला घालतो, कण्हेर आणि अडेनियम हृदयावर. सदाफुलीही पोटात जाऊ देण्यासारखी नाही. आठ वर्षे वाढवलेले, खोडाला सुरेख गरगरीत आकार आलेले माझे अडेनियम बहिणीच्या घरी पाठवताना मला वाईट वाटले, हे कबूल केले पाहिजे. झाडे उंचावर ठेवावीत असा सल्ला सगळेच देतात, मात्र माझा त्यावर विश्वास उरलेला नाही. आमचा मनीप्लांट कपाटावरच होता. उंचावरून लोंबणारी, वाऱ्याने हलणारी वेल म्हणजे मांजराला आयते आमंत्रणच. आता त्या जागी अरेका पाम, स्पायडर प्लांट आणि नेचे आहेत. त्यांची पाने मनी अधूनमधून कुरतडते आणि ती विद्रूप दिसतात, पण त्याबद्दल माझी तक्रार नाही.

झाडांचीही मनीविरुद्ध एक बाजू आहे. भुसभुशीत कोकोपीट भरलेली कुंडी तिला शौचासाठीच मांडून ठेवल्यासारखी वाटते, तर हाडांच्या भुकटीचे खत घातले की वासामागे जाऊन ती माती उकरते. नदीतले गोटे मातीवर दाटीने पसरल्यावर हे बरेचसे थांबले. जास्वंदीची कुंडी मात्र ती तरीही उपसत राहिली. बऱ्याच दिवसांनी लक्षात आले, की तिला जास्वंदीशी काही देणेघेणे नव्हते. पावसाळ्यात कुंडीत आपोआप उगवलेल्या खोकलीच्या मुळांवर तिचा डोळा होता. त्या मुळांच्या वासाने मांजरे अक्षरशः लोळण घेतात. तेव्हापासून ते तण दिसताच मी उपटते. कुंड्यांभोवती डांबराच्या गोळ्या टाकण्याचा सल्लाही मिळाला होता. तो चुकूनही पाळू नये, कारण त्यांतले नॅफ्थलीन मांजरांना विषारी आहे आणि अशी द्रव्ये निकामी करण्याच्या बाबतीत त्यांचे यकृत आपल्यापेक्षा दुबळे असते.

मांजराची हिरवे खाण्याची ओढ मोडता येत नाही, हे आम्हाला नवरात्रात कळले. घटाभोवती पेरलेले गहू पाचव्या दिवशी बोटभर वर आले होते आणि सहाव्या दिवशी सकाळी एका बाजूची रांग कापणी केल्यासारखी सपाट होती. आईने घटाला हात जोडून क्षमा मागितली, मनीला रागे भरली आणि मग मूठभर गहू भिजत घातले. आता स्वयंपाकघराच्या खिडकीत गव्हाचा एक पसरट ट्रे बारा महिने असतो, दर दहा-बारा दिवसांनी तो नव्याने पेरला जातो, आणि यंदा घट बसले तेव्हा देवघराचे दार नऊही दिवस कडी लावून बंद होते.