तुम्ही विचारलंत म्हणून: लाभांश नसलेला शेअर

गणपतीच्या आरतीनंतर पंगतीला बसलं की कोणीतरी विचारतंच. पुण्याचा मावसभाऊ फोनवर विचारतो. तो सीए आहे, त्याला जास्तच राहवत नाही. नोकरीसाठी नव्याने अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात आलेली मुलं घरी जेवायला येतात, भिंतीवर फ्रेम करून लावलेलं ग्रीन बे पॅकर्सचं प्रमाणपत्र वाचतात आणि विचारतात. ज्या शेअरवर लाभांश मिळत नाही, जो बाजारात विकता येत नाही, ज्याच्या जोरावर सामन्याचं एक तिकीटसुद्धा पदरात पडत नाही, तो तुम्ही ३०० डॉलर मोजून घेतलात कशाला?

घाईघाईत उत्तर दिलं की ते अर्धवट राहतं, म्हणून एकदा सविस्तर लिहिते.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी आधी थोडं. अमेरिकन फुटबॉलच्या लीगमध्ये, म्हणजे एनएफएलमध्ये, ३२ संघ आहेत. त्यातले ३१ कुणा ना कुणा धनाढ्य कुटुंबाच्या किंवा भागीदारांच्या मालकीचे. उरला तो ग्रीन बे पॅकर्स. ग्रीन बे हे विस्कॉन्सिनमधलं जेमतेम लाखभर वस्तीचं शहर, पण न्यूयॉर्क, शिकागो, डॅलससारख्या शहरांच्या संघांशी त्याचा संघ बरोबरीने खेळतो. १९१९ साली कर्ली लँबो आणि जॉर्ज कॅल्हून या दोघांनी संघ उभा केला. लँबो ज्या मांस डबाबंद करणाऱ्या कंपनीत कामाला होता तिने गणवेशाचे पैसे दिले, त्यावरून नाव पडलं पॅकर्स. पैशांची चणचण कायमचीच. १९२३ साली गावातल्या लोकांनी ५ डॉलरला एक असे शेअर घेतले आणि ना-नफा संस्था स्थापन झाली. पुढे १९३५, १९५०, १९९७, २०११ आणि २०२१ मध्ये पुन्हा शेअर निघाले. आज भागधारक पाच लाखांच्या वर आहेत. एका माणसाकडे किती शेअर असावेत यालाही मर्यादा आहे, त्यामुळे कुणी पैसेवाला येऊन संघ खिशात घालू शकत नाही.

सगळ्यात महत्त्वाचं कलम वेगळंच आहे. उद्या संघ विकलाच, तर ते पैसे धर्मादाय कामाला जातात, भागधारकाला त्यातला छदामही मिळत नाही. संघ विकून कुणाचंच भलं होत नाही, म्हणून संघ जागचा हलत नाही.

या कलमाची किंमत याच राज्यातल्या मिलवॉकी शहराच्या माणसाला विचारा. तिथे १९५३ साली बोस्टनहून ब्रेव्ह्ज हा बेसबॉल संघ आला, शहराने त्याला डोक्यावर घेतलं, १९५७ साली त्याने विश्वविजेतेपद जिंकून दिलं, आणि १९६५ च्या हंगामानंतर मालकांनी तो उचलून अटलांटाला नेला. आज सत्तरी ओलांडलेली माणसं तो विषय निघाला की अजून आवाज चढवून बोलतात. १९७० साली बड सीलिग यांनी सिअ‍ॅटलचा दिवाळखोर संघ विकत घेऊन मिलवॉकीला आणला, तेच आजचे ब्रूअर्स. पण एकदा हात पोळलेलं शहर ते. संघ पुन्हा जाईल ही धास्ती गेलीच नाही, आणि या राज्यात मैदानांवरून करांची जी भांडणं झाली त्यांच्या मुळाशी ही धास्ती आहे.

माझे वडील वाळवा तालुक्यातल्या एका सहकारी साखर कारखान्याचे सभासद होते. वार्षिक सभेचा अहवाल पोस्टाने आला की रात्री जेवणं झाल्यावर ते तो शेवटच्या पानापर्यंत वाचायचे, पेन्सिलीने आकड्यांभोवती गोल करायचे आणि सभेला जाताना तो घडी करून शर्टाच्या खिशात ठेवायचे. पॅकर्सची भागधारकांची सभा जुलैत लँबो फील्ड या त्यांच्याच मैदानावर भरते. मी पहिल्यांदा गेले तेव्हा माझ्या पुढच्या रांगेतल्या आजोबांनी ताळेबंदाची पानं मांडीवर पसरली होती आणि खजिनदार आकडे वाचत असताना ते पेनाने एकेका ओळीवर खूण करत होते. मला वेगळं काही समजावून घ्यावं लागलं नाही. लीगमधल्या एकाच संघाचा हिशेब दरवर्षी असा चारचौघांत मांडला जातो. दूरचित्रवाणीचे हक्क वगैरे मिळून लीगकडून एकेका संघाला वर्षाला ४० कोटी डॉलरहून जास्त मिळतात हे बाहेरच्या जगाला कळतं ते पॅकर्सच्या या कागदांवरूनच. बाकीचे ३१ आपले कागद कुलूपबंद ठेवतात.

आता माझं स्वतःचं कारण. २०२१ च्या नोव्हेंबरात शेअर निघाले तेव्हा माझ्याकडे ग्रीन कार्ड होतं, नागरिकत्व नव्हतं. अ‍ॅपलटनला आमचं घर होतं, घरपट्टी भरत होतो, मुलगी सरकारी शाळेत होती, रस्त्यावरच्या खड्ड्यासाठी मी पालिकेला फोन करत होते. मत मात्र कुठेच नव्हतं. शेअर घेतल्यावर संचालक निवडण्याची मतपत्रिका माझ्या नावाने आली. या राज्यातली माझं नाव असलेली ती पहिली मतपत्रिका. तिने संघाचं काही बरंवाईट होणार नव्हतं, लाखो मतांतलं एक मत. तरी मी एकेक नाव वाचून, शोधून, मग खूण केली. सीए भावाला हे कारण पटत नाही, पण माझ्यासाठी ३०० डॉलर तिथेच वसूल झाले.

आणि दुसरं कारण म्हणजे बोलणं. या संघाभोवती माणसं ज्या तऱ्हेने बोलतात, ते बोलणं.

रविवारच्या सामन्याआधी बर्फ पडला की पॅकर्सकडून जाहीर होतं, फावडं मारायला माणसं हवीत. पहाटे अंधारात गेटवर रांग लागते. फावडी तिथेच देतात आणि तासाप्रमाणे पैसे. लँबोवर बहुतेक ठिकाणी खुर्च्या नाहीत, अ‍ॅल्युमिनियमची लांबच लांब बाकं आहेत आणि त्यांच्यावर आकडे टाकलेले. दोन बाकांमधला बर्फ ढकलत ढकलत जिन्यापर्यंत आणायचा, तिथे पन्हळी लावलेल्या असतात, त्यांत लोटला की तो सरसरत मैदानाच्या कडेला जातो. तासाभरात हातमोजे आतून ओले होतात, पाठ घामेजते आणि नाक मात्र बधिर. काम इतकं एकसुरी की शेजारच्याशी बोलल्याशिवाय गत्यंतर नसतं.

मी गेले होते तेव्हा माझ्या डावीकडे कागद गिरणीतून निवृत्त झालेले एक गृहस्थ होते, आमच्याच भागातले, आणि उजवीकडे नर्सिंग शिकणारी एक मुलगी. सुरुवात अर्थातच क्वार्टरबॅकपासून, म्हणजे संघाच्या मुख्य खेळाडूपासून, झाली. तिथून बोलण्याची गाडी रस्त्यावरच्या बर्फावर गेली, मग मिठावर. मीठ जास्त टाकलं की ते तळ्यांत उतरतं, म्हणून इथल्या काही काउंट्या, म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यांसारखे विभाग, चीज करताना उरणारं खारं पाणी मिठात मिसळून रस्त्यावर फवारतात. पोल्क काउंटीने ते करून पाहिलं, मिलवॉकीनेही. मग विषय आला घरपट्टीवर, कारण विस्कॉन्सिनमध्ये तिचं बिल डिसेंबरात येतं आणि पहिला हप्ता ३१ जानेवारीपर्यंत भरायचा असतो, म्हणजे नेमका हंगाम ऐन रंगात असताना.

आणि मग त्या गृहस्थांनी २००० सालचं सांगितलं. लँबो फील्डच्या नूतनीकरणासाठी, ग्रीन बे जिच्यात येतं त्या ब्राऊन काउंटीत अर्धा टक्का जादा विक्रीकर लावायचा की नाही यावर सप्टेंबर २००० मध्ये सार्वमत झालं. १०० पैकी ५३ जण ‘हो’ म्हणाले, ४७ ‘नाही’. हे तेव्हा ग्रीन बेमध्येच राहत आणि त्यांनी ‘नाही’ दिलं होतं. गिरणीत कामगारकपात चालू असताना शर्टापासून सायकलीपर्यंत प्रत्येक खरेदीवर कर नको, असं त्यांचं म्हणणं होतं. हरल्यावर त्यांनी तो कर निमूट भरला. २०१५ मध्ये तो बंद झाला. आता ते त्याच मैदानातला बर्फ काढत होते आणि तरीही त्यांचं मत बदललेलं नव्हतं. मला ते फार आवडलं. संघावर जीव आहे म्हणून कराला मान डोलवायची, किंवा कराला विरोध म्हणून संघाला नावं ठेवायची, असं त्यांनी काही केलं नव्हतं.

असा कर कुणाची खुर्चीही घेऊ शकतो. ब्रूअर्सच्या नव्या मैदानासाठी पाच काउंट्यांत ०.१ टक्का विक्रीकर लावायचं विधेयक १९९५ मध्ये आलं. रसीन शहराचे राज्य सिनेटर जॉर्ज पेटॅक यांनी आधी विरोध जाहीर केला होता; ऐन वेळी त्यांनी मत फिरवलं आणि विधेयक एका मताने तरलं. चिडलेल्या रसीनकरांनी सह्या गोळा केल्या आणि १९९६ मध्ये त्यांना ‘परत बोलावलं’, म्हणजे मुदत संपायच्या आधीच मतदान घेऊन पदावरून काढलं. विस्कॉन्सिनच्या इतिहासात परत बोलावले गेलेले ते पहिले आमदार, आणि त्या एका जागेने सिनेटमधलं बहुमतच फिरलं. कर मात्र २०२० पर्यंत चालला. २०२३ च्या डिसेंबरात त्याच मैदानाच्या डागडुजीसाठी राज्य, काउंटी आणि शहर मिळून सुमारे ५० कोटी डॉलर द्यायचं ठरलं. या बाबतीत माझं मत स्पष्ट आहे: मैदान सार्वजनिक संस्थेच्या मालकीचं असलं तरी संघाचा नफा खाजगी मालकाचा आहे, तेव्हा त्याने याहून बराच मोठा वाटा उचलायला हवा होता. पॅकर्ससाठी मी अर्धा टक्का दिला असता. माझी मिलवॉकीची मैत्रीण यावर एकच शब्द उच्चारते, ‘ब्रेव्ह्ज’, आणि तिच्या दृष्टीने वाद तिथे संपतो. माझ्या दृष्टीने संपत नाही, आणि आम्ही दर उन्हाळ्यात मैदानाच्या पार्किंगमध्ये ब्रॅटवुर्स्ट (एक प्रकारचं सॉसेज) भाजता भाजता तो पुन्हा उकरतो.

हे सगळं गोडीगुलाबीने चालतं असा समज कुणी करून घेऊ नये. अध्यक्षपदाच्या २०००, २००४, २०१६, २०२० आणि २०२४ या पाच निवडणुकांत या राज्याचा निकाल एका टक्क्याहून कमी फरकाने लागला आहे. म्हणजे पार्किंगमध्ये दहा माणसं उभी असतील तर पाच इकडची आणि पाच तिकडची धरून चालायचं. ६ फेब्रुवारी २०११ रोजी पॅकर्सनी सुपर बोल, म्हणजे लीगचा अंतिम सामना, जिंकला, आणि त्याच आठवड्यात गव्हर्नर स्कॉट वॉकर यांनी बहुतेक सरकारी कर्मचाऱ्यांचे सामूहिक वाटाघाटीचे बरेचसे हक्क काढून घेणारी योजना जाहीर केली. राज्याची राजधानी मॅडिसन, तिथलं विधान भवन महिनाभर आंदोलकांनी भरून गेलं. चार्ल्स वुडसनसारख्या पॅकर्सच्या खेळाडूने कामगारांच्या बाजूने निवेदन काढलं, त्यावर काही चाहते खूश झाले, काही खवळले. आमच्या शेजारच्या शिक्षिका आणि त्यांचा सख्खा भाऊ त्या वर्षी एकमेकांशी बोलेनासे झाले. शरद ऋतूत हंगाम सुरू झाल्यावर ते एका खोलीत सामना बघायला बसू लागले, पण सामन्याखेरीज अवाक्षर नाही. त्यांच्यातलं ते कितपत मिटलं हे मी कधी विचारलेलं नाही. पण बसत होते, एवढं मी पाहिलं आहे.

दुखतं ते असं की ज्या लोकांचा हा संघ, त्यांतल्या कितीतरी जणांना तो मैदानात बसून बघता येत नाही. हंगामी तिकिटांच्या प्रतीक्षायादीत लाखाहून जास्त नावं आहेत. लोक तान्ह्या बाळाचं नाव यादीत घालतात. सुटं तिकीट घ्यावं तर चौघांच्या कुटुंबाचा महिन्याचा किराणा त्यात जातो. फावडं मारायला आलेल्या त्या नर्सिंगच्या मुलीने मैदान आतून प्रथमच पाहिलं, तेही बर्फाखालचं. जुलैच्या सभेत यावर कोणी ना कोणी बोललं पाहिजे.

खाण्याच्या स्टॉलवरूनही आत जाता येतं. लँबोमधले काही स्टॉल स्वयंसेवी गट सांभाळतात आणि विक्रीतला वाटा त्या गटाच्या कामाला मिळतो. मुलीच्या शाळेच्या बँडसाठी आम्ही पालक उभे राहिलो होतो: डोक्यावर टोपी, हातात मोजे, मी नाचोंवर चीज ओतत होते. भिंतीपलीकडे ऐंशी हजार माणसांचा गलका, आणि आमच्यात वाद चाललेला शाळेच्या सार्वमताचा. विस्कॉन्सिनमध्ये शाळांनी किती महसूल गोळा करावा यावर राज्याने १९९३ पासून मर्यादा घातली आहे; तिच्या वर जायचं तर मतदारांची परवानगी लागते. त्यामुळे शाळा दर थोड्या वर्षांनी लोकांपुढे हात पसरतात, आणि आपण बँडच्या ट्रंपेटसाठी नाचो विकत असताना घरपट्टी वाढवायला ‘हो’ म्हणायचं की नाही, हा प्रश्न स्टॉलवरच उभा राहतो.

आता मी नागरिक झाले आहे. एप्रिलच्या निवडणुकीत आमच्या शाळांचं सार्वमत होतं, मी ‘हो’ दिलं. बर्फातल्या त्या गृहस्थांनी ‘नाही’ दिलं. किराणा दुकानात भेटले तेव्हा त्यांनी आधीच सांगून टाकलं होतं, कारणांसकट. मुलांची संख्या घटत असताना दोन अर्ध्या रिकाम्या शाळा चालू ठेवून तिसऱ्या इमारतीवर खर्च कशाला, हे त्यांचं एक कारण मला खोडून काढता आलं नाही. शाळा मंडळाच्या पुढच्या बैठकीत मी तेच विचारणार आहे, आणि तेही येतो म्हणाले आहेत.