तुम्ही विचारलंत म्हणून : हायवे का सोडता?

अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात मॅडिसनहून ला क्रॉसला जायला आय-९० हा सरळसोट रस्ता असताना मी गावागावांतून जाणारा यूएस-१४ का धरते, हे मंडळाच्या गणपतीत दरवर्षी कुणी ना कुणी विचारतंच. "जुनी गाडी, झेपत नसेल," असंही लगेच पुढे येतं. प्रश्न झेपण्याचा नाही. माझी १९५१ ची हार्ले-डेव्हिडसन हायड्रा-ग्लाइड मोटरसायकल आय-९० साठी बनलेलीच नाही.

ती मिलवॉकीच्या कारखान्यातून बाहेर पडली तेव्हा इंटरस्टेटचं, म्हणजे राज्याराज्यांना जोडणाऱ्या आय-९० सारख्या हायवेंचं जाळं नव्हतं. त्याचा कायदा झाला १९५६ मध्ये. लांबचा प्रवास म्हणजे दुपदरी रस्ता, दर थोड्या मैलांवर एखादं गाव, तिथे वेग कमी करायचा आणि पुढे पुन्हा रमतगमत निघायचं. इंजिनही तसंच आहे. १२०० सीसी, ४५ अंशांत बसवलेले दोन सिलिंडर, १०१ मिलिमीटरचा लांबलचक स्ट्रोक (पिस्टनची वरखाली धाव) आणि जड फ्लायव्हील, म्हणजे इंजिनाची गती टिकवून धरणारं चाक. चढ आला तरी गिअर बदलायची घाई करावी लागत नाही, ती कमी फेऱ्यांवर ओढत राहते. दोन्ही पिस्टनचे दांडे (कनेक्टिंग रॉड) क्रँकच्या एकाच पिनवर असल्यामुळे स्फोट समान अंतराने होत नाहीत. एकानंतर दुसरा क्रँक ३१५ अंश फिरल्यावर, मग पुढचा आणखी ४०५ अंशांनी. सिग्नलला उभी असताना हा अडखळता ठेका थेट तळहातात उतरतो. मला तो फार आवडतो, आणि यात लपवण्यासारखं काही नाही.

१९४८ मध्ये हार्लेने या इंजिनाला सिलिंडरवरची हेड ॲल्युमिनियमची दिली, म्हणजे उष्णता लवकर बाहेर पडते. वरची झाकणं उपड्या केकच्या भांड्यांसारखी दिसतात, म्हणून लोक याला पॅनहेड म्हणतात. पुढच्या वर्षी पुढच्या चाकाला धक्के शोषणारा, तेल भरलेला टेलिस्कोपिक फोर्क आला आणि त्यावरूनच हायड्रा-ग्लाइड हे नाव पडलं. मागे मात्र काहीच नाही. चाक थेट फ्रेमला. पाठीला आधार फक्त सीटखालच्या नळीतल्या स्प्रिंगचा.

चालू करायलाही तिच्या कलाने घ्यावं लागतं. चोक लावायचा, इग्निशन बंद ठेवून दोन किका मारायच्या, म्हणजे पेट्रोल सिलिंडरमध्ये पोचतं. मग डावी मूठ फिरवून टायमिंग मागे घ्यायचं, म्हणजे ठिणगी थोडी उशिरा पडते. हे राहिलं तर किक बॅक मारते आणि पाय चांगलाच शेकतो. नंतर इग्निशन चालू करून अख्खं वजन किकवर टाकायचं. इंजिन लागलं की मूठ हळूहळू परत आणायची. गिअरचा दांडा टाकीच्या डाव्या बाजूला, क्लच डाव्या पायाखाली.

आता अशी गाडी आय-९० वर न्या. तिथली वेगमर्यादा ताशी ७० मैल, आणि मागून येणारा ट्रेलर तेवढ्यावरही थांबत नाही. माझ्याकडे दोन्ही चाकांना ड्रम ब्रेक आणि ६ व्होल्टचा दिवा. दोन तास सतत त्या वेगाने पिळून काढणं मला त्या इंजिनावर अन्याय वाटतो. यूएस-१४ वर ५५ मैल म्हणजे तिची खरी चाल. तासभर जास्त लागतो, लागू दे. स्प्रिंग ग्रीन, रिचलंड सेंटर, मग विरोक्वाच्या आसपास आमिश लोकांच्या घोडागाड्या. वेस्टबीनंतर रस्ता कून व्हॅलीत उतरतो. तिथे खालच्या गिअरवर इंजिनलाच गाडी धरू द्यायची, ड्रम तापू द्यायचे नाहीत.

पाठ ऐकत नसेल आणि तरीही याच घराण्यातली गाडी हवी असेल, तर १९५८ पासूनची ड्युओ-ग्लाइड बघा, तिला मागेही शॉकअब्सॉर्बर आहेत. किक नकोच असेल तर १९६५ ची इलेक्ट्रा-ग्लाइड : बटणस्टार्ट, १२ व्होल्ट, आणि पॅनहेडचं ते शेवटचं वर्ष.