फागण्याजवळचं ते गॅरेज आणि दोन महिने गळणारं कूलंट

एरंडोलला मामाकडे लग्न होतं म्हणून मे महिन्यात आई आणि मी पुण्याहून गाडीने निघालो. नाशिक गेलं, चांदवड गेलं, मालेगावला चहा झाला, त्यातलं काही लिहिण्यासारखं नाही. लिहायचंय ते धुळ्याच्या पुढचं.

चांदवड सोडल्यापासून आई म्हणत होती की गाडीत गोड वास येतोय, काकवीसारखा. मागे मामासाठी हापूसची पेटी होती, मी म्हटलं आंबेच असतील. आईचं तेव्हाच ऐकायला हवं होतं याचं मला अजून वाईट वाटतं, कारण कूलंटमध्ये, म्हणजे इंजिन गार ठेवायला पाण्यात मिसळतात त्यात, ग्लायकॉल नावाचं रसायन असतं आणि ते गळून गरम इंजिनावर पडलं की अगदी असाच वास येतो.

लळिंगचा किल्ला मागे पडला, धुळं ओलांडलं आणि फागणं जवळ आलं तसा एसी एकदम गरम हवा मारायला लागला. बघते तर टेंपरेचरचा काटा मधल्या खुणेच्या बराच वर. इंजिन फार तापलं की गाडी एसीचा कॉम्प्रेसर स्वतःच बंद करते हे माहीत होतं, म्हणून काचा खाली केल्या आणि बाहेर 43 डिग्री असताना हीटर फुल सोडला, कारण हीटर इंजिनाचीच उष्णता ओढून आत आणतो. मिनिटभर भट्टीसारख्या झळा आल्या आणि मग हवा कोमट झाली, काटा मात्र खाली यायचं नाव घेईना. म्हणजे हीटरपर्यंत फिरायला पाणीच उरलं नव्हतं. समोर लिंबाखाली पत्र्याची शेड आणि टायर टांगलेले दिसले, तिथेच गाडी घेतली आणि इंजिन बंद केलं.

"काय व्हयनं ताई, गाडी तापनी का?" पन्नाशीचे एक भाऊ आतून आले. माझ्या आधी आईच बोलली, "हां भाऊ, पानी कमी व्हई गयं." पस्तीस वर्षं पुण्यात राहिलेली माझी आई, फोनवर मामाशीसुद्धा शुद्ध मराठीत बोलणारी, आणि तिच्या तोंडून अहिराणी अशी आपोआप आली की मी तिच्याकडे बघतच राहिले.

मी बॉनेट उघडून झाकणाला हात घालणार तर भाऊ ओरडलेच. बंद सिस्टीममध्ये प्रेशर असतं, त्यामुळे आतलं पाणी 100 डिग्रीच्या वर जाऊनही उकळत नाही, पण झाकण सैल केलं की सगळं एकदम वाफ होऊन तोंडावर येतं. "सावलीमा बठा," म्हणाले, आणि पाऊण तास त्यांनी गाडीला हात लावला नाही. तेवढ्यात शेजारच्या घरातल्या काकूंनी माठातलं पाणी आणलं, मग कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि कांदा. ओळख ना पाळख. आई आणि त्या दोघी अहिराणीत कोणाकोणाच्या गावाची चौकशी करत बसल्या.

मी मात्र आतून धुमसत होते. दोन महिन्यांत दोनदा मी सर्व्हिस सेंटरला सांगितलं होतं की कूलंटच्या बाटलीतली लेव्हल खाली जातेय. दोन्ही वेळा टॉपअप करून बिल हातात दिलं, "थोडं कमी होतंच मॅडम." अहो नाही होत! बंद सिस्टीम आहे ती, कमी होतंय म्हणजे एकतर बाहेर गळतंय नाहीतर इंजिनाच्या आत जळतंय, आणि पार्किंगमध्ये डाग पडत नाही म्हणून गळत नाही असं होत नाही.

इंजिन निवल्यावर भाऊंनी आधी ऑइल बघायची पट्टी, डिपस्टिक, काढून बघितली. ऑइल दुधाळ चहासारखं झालेलं नव्हतं, म्हणजे इंजिनात पाणी आणि ऑइल वेगळं ठेवणारं हेड गॅस्केट शाबूत असावं. मग सगळे होज, म्हणजे रबरी पाइप, वॉटर पंप, रेडिएटरचे सांधे फडक्याने कोरडे पुसले, पेपरच्या बारीक पट्ट्या फाडून एकेका जोडावर गुंडाळल्या, पाणी भरलं आणि गाडी चालू करायला लावली. पाणी पण जारचं, बोरचं नाही, बोरच्या पाण्याने आत खार साचतो म्हणाले. आम्ही दोघं वाकून बघत होतो. पाच मिनिटं काही नाही, दहा मिनिटं काही नाही, आणि मग होज प्रेशरने फुगून कडक झाला तसा थर्मोस्टॅटजवळच्या (इंजिन तापलं की पाणी रेडिएटरकडे सोडणाऱ्या झडपेजवळच्या) पट्टीवर एक फिकट गुलाबी ठिपका उमटला, तिळाएवढा, आणि बघता बघता रुपयाएवढा झाला. "आठे शे, दखा." इथे आहे, बघा.

पुन्हा गाडी निवेपर्यंत थांबलो. क्लिप काढली तर तिच्या खालीच होजला नखाएवढी चीर. प्रेशर आल्याशिवाय ती उघडायची नाही, आणि थेंब पडला की गरम इंजिनावरच वाळून जायचा, म्हणून खाली डाग नाही. होजला ढील होती, त्यांनी चिरलेलं टोक ब्लेडने कापलं, नवीन स्क्रूची क्लिप आवळली, कूलंट आणि जारचं पाणी निम्मं निम्मं भरलं, मग झाकण उघडं ठेवून हीटर लावून फॅन फिरेपर्यंत इंजिन चालवलं. आतून बुडबुडे यायचे थांबले तेव्हाच झाकण लावलं. मजुरी दीडशे रुपये. मी जास्त द्यायला गेले तर आईशीच बोलले, माझ्याकडे बघेनात. पुण्यात गेल्यावर होज नवीन टाका, एवढं मात्र बजावलं.

लग्न छान झालं, पद्मालयाच्या गणपतीला जाऊन आलो, भरीत खाऊन खाऊन पोट बिघडलं.

परत येताना आईने गाडी तिथेच थांबवायला लावली. काकूंसाठी लग्नातले लाडू होते. भाऊंनी गाडी निवेपर्यंत आम्हाला पुन्हा त्याच लिंबाखाली बसवलं, मग बॉनेट उघडून त्या क्लिपखालून बोट फिरवलं आणि ते बोट उन्हात धरून आईला दाखवलं. "कोरडं शे, ताई."