संत्र्याचा ताण कधी तोडावा : झाडातल्या पाण्याने शिकवलेले

आंबिया बहारासाठी, म्हणजे हिवाळ्याच्या शेवटी येणाऱ्या फुलोऱ्यासाठी, संत्र्याचे पाणी तोडून त्याला ताण देणे विदर्भातल्या वरुड भागातल्या बागायतदाराला कोणी शिकवावे लागत नाही. डिसेंबरात ओलीत बंद करायचे आणि पाने मलूल होऊन गळू लागली की जानेवारीत पाणी सोडायचे, हे सर्वांना तोंडपाठ असते. अवघड असते ते ताण नेमका कधी तोडायचा हे ठरवणे, कारण ताण कमी पडला तर फुलांऐवजी नुसती नवती, म्हणजे कोवळी पालवी, फुटते आणि जास्त झाला तर झाडावर सल, म्हणजे वाळक्या फांद्या, वाढते. माझी बाग काळ्या भारी जमिनीत, जंबेरी या लिंबाच्या जातीच्या खुंटावर कलम केलेली आहे. या खेपेला ही वेळ अंदाजाने न ठरवता, झाडात पाणी चढते कसे हे आधी नीट समजून घेऊन ठरवायची, असे मी पक्के केले.

सुरुवात विहिरीपासून झाली. बागेत माझ्यासोबत राबणारे काका मोटर खाली उतरवताना सहज म्हणाले, "भाऊ, आपली मोटर पान्याजवळ न्या लागते, तवा कुठी पानी चढते. मंग झाडाची मोटर कुठी हाये?" प्रश्न वाटतो तेवढा साधा नाही. विहिरीच्या काठावरची मोटर पाणी ओढते असे आपण म्हणतो, पण प्रत्यक्षात ती पाइपातला दाब कमी करते आणि बाहेरच्या हवेचा दाब पाण्याला वर ढकलतो. हा दाब पाण्याचा स्तंभ फार तर १०.३ मीटर उचलू शकतो, आणि व्यवहारात सात-आठ मीटरांवरच मोटर हात टेकते. मेळघाटातला जुना साग ही मर्यादा सहज ओलांडतो, आणि कॅलिफोर्नियातला सर्वांत उंच रेडवूड तर ११५ मीटरांहून उंच आहे. म्हणजे झाडाचे काम हवेच्या दाबावर चालत नाही.

मग राहतात दोन-तीन शक्यता. केशाकर्षण, म्हणजे बारीक नळीत पाणी आपोआप चढणे, हे शाळेतले उत्तर अपुरे आहे, कारण लाकडातल्या २० मायक्रोमीटर त्रिज्येच्या वाहिनीत ते पाण्याला जेमतेम पाऊण मीटर चढवते. मुळांचा दाब खरा असतो, आणि थंडीत पहाटे कोवळ्या गव्हाच्या पात्यांच्या टोकांवर जमलेले थेंब ही त्याचीच खूण. पण तो साधारण एक-दोन वातावरणांइतकाच असतो (एक वातावरण म्हणजे आपल्याभोवतीच्या हवेचा दाब) आणि पानांना पाण्याची सर्वाधिक गरज असते त्या भर दुपारी तो जवळजवळ नाहीसा होतो. जगदीशचंद्र बोस यांनी १९२३ मध्ये असे मांडले होते की खोडातल्या जिवंत पेशी स्पंदन करून रस वर ढकलतात. बोस यांच्याविषयी कितीही आदर असला तरी या बाबतीत मला स्ट्रासबुर्गर या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञाचा पुरावा अधिक पटतो. त्याने १८९० च्या दशकाच्या आरंभी कापलेल्या झाडांना विषारी द्रावण पाजून खोडातल्या पेशी मारल्या, आणि तरीही द्रव वर चढतच राहिला.

आज मान्य असलेले स्पष्टीकरण डब्लिनच्या हेन्री डिक्सन आणि जॉन जॉली यांनी १८९४ मध्ये मांडले. पानांच्या पेशीभित्तिकांतल्या अतिसूक्ष्म छिद्रांतून पाण्याची वाफ होते, तिथला पाण्याचा पृष्ठभाग आत वळतो आणि मागचे पाणी खेचतो. पाण्याचे रेणू एकमेकांना घट्ट धरून असल्यामुळे ही ओढ अखंड धाग्यासारखी मुळांच्या टोकापर्यंत पोहोचते. निम्मी आर्द्रता असलेली हवा ओल्या पानातून पाणी ओढते ती ओढ हिशेबाने नऊशे वातावरणांहून अधिक भरते. पर्णरंध्रे, म्हणजे पानांवरची बारीक छिद्रे, आवळून झाड तिचा थोडाच भाग आत येऊ देते, म्हणून ते टिकते. थोडक्यात, काकांच्या प्रश्नाचे उत्तर असे की झाडाची मोटर शेंड्याला आहे आणि ती उन्हावर चालते.

हे डोळ्यांनी पाहावे म्हणून मी भर दुपारी एक बारीक फांदी वाकवून तिचा मधला भाग खाण्याचा लाल रंग कालवलेल्या पाण्याच्या बादलीत बुडवला आणि पाण्याखालीच कात्रीने कापली. खालून ढकलणारा दाब असता तर झाडाकडच्या टोकातून रस बाहेर यायला हवा होता. तसे काहीच झाले नाही. थोड्या वेळाने दोन्ही तुकड्यांची साल सोलली, तेव्हा लाकडात लाल रेघा दिसल्या, त्याही दोन्ही बाजूंना: शेंड्याकडे वर आणि झाडाकडे खाली. ताणलेला स्तंभ तुटला की दोन्ही भाग पाणी आत ओढून घेतात. साल मात्र आतून पांढरीच होती, कारण सालीतून पानांनी तयार केलेली साखर वाहते, तिचा मार्ग वेगळा आणि तिथला दाब ढकलणारा. तीच कात्री मी हवेत चालवली असती तर त्या वाहिन्यांत हवा शिरली असती, आणि हवा शिरलेली वाहिनी निकामी होते. ताण अति झाल्यावर झाडाच्या आत नेमके हेच घडते: ओढ इतकी वाढते की शेजारच्या वाहिनीतली हवा बारीक छिद्रांतून आत येते, स्तंभ तुटतो आणि फांदी शेंड्याकडून वाळत जाते.

इथून माझ्या कामाचा मुद्दा निघाला. संत्र्याचे झाड चार-पाच मीटरांचे. निव्वळ उंचीसाठी त्याला अर्धे वातावरणही लागत नाही. बाकी सारी ओढ कोरड्या हवेमुळे आणि माती पाणी सोडत नाही म्हणून लागते. भारी जमीन ओलावा भरपूर धरते, पण चिकणमातीच्या बारीक कणांत तो इतका घट्ट बसतो की साधारण पंधरा वातावरणांइतक्या ओढीला बहुतेक पिके हार मानतात. दुपारी वळलेले पान हवेची ओढ आणि मातीची पकड या दोन्ही गोष्टी एकदम सांगते, म्हणून त्यावरून निर्णय घेणे फसवे. रात्री मात्र पर्णरंध्रे बंद असतात, बाष्पीभवन जवळपास थांबते आणि पहाटेपर्यंत झाडातली ओढ मातीतल्या ओढीच्या बरोबरीला येते. पहाटेचे पान केवळ मातीविषयी बोलते.

म्हणून मी सूर्य उगवण्याआधी बागेत जाऊन ठरावीक झाडांची दक्षिणेकडची, डोक्याच्या उंचीवरची पाने हाताने चाचपू लागलो. बरेच दिवस दुपारी वळलेली पाने पहाटे पुन्हा ताठ, गार आणि सपाट होत होती; शेजारच्या बागांत पाणी सुरू झाले तरी मी थांबलो. जमिनीला भेगा पडल्या, पानांचा हिरवा रंग फिका झाला, आणि मग एका पहाटे पाने रात्रभराच्या विश्रांतीनंतरही मऊ आणि किंचित वळलेलीच सापडली. त्याच दिवशी ताण तोडायचे ठरवले.

पहिले पाणी हलकेच दिले. ताणात पाणी शोषणारी बारीक मुळे बरीच मेलेली असतात, आणि काळ्या जमिनीत एकदम भरपूर पाणी सोडले तर मातीतली हवा निघून जाऊन उरलेल्या मुळांचाही श्वास कोंडतो. मग पाण्यात उभे असलेले झाडही मलूल दिसते. दुसरे पाणी थोडे वाढवले आणि पहाटेची पाने पूर्ण ताठ दिसू लागल्यावरच नेहमीचे ओलीत सुरू केले. मुरमाड जमिनीच्या पट्ट्यातली झाडे पहाटे मऊ पडण्याच्या अवस्थेला फार लवकर आली होती, त्यामुळे त्यांचे पाणी बाकीच्या बागेच्या बरेच आधी सोडले. पुढल्या हंगामासाठी त्या पट्ट्याला ठिबकचा वेगळा व्हॉल्व्ह बसवून घेतला आहे.